सुट्टी झाल्यावर पेशंट नेमका कोणाचा?

पळसफूल

यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. दवाखान्यातून सुट्टी झालेल्या पेशंटचं पुढे काय होतं, यावर या मंचावरच्या सिस्टर, डॉक्टर, आशाताई आणि घरी आजारी माणूस सांभाळलेल्या सगळ्यांशी बोलायचं आहे.

पेशंट वर पाठवायची व्यवस्था आपल्याकडे बऱ्यापैकी बसली आहे. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा किंवा नागपूरचं मेडिकल. संदर्भ चिठ्ठी असते, २०१४ पासून १०८ आहे, फोनही होतात. खाली यायच्या वाटेवर मात्र काहीच नाही. पेशंट गावात परत आला हे मला कळतं ते किराणा दुकानात किंवा लसीकरणाच्या दिवशी कोणी बोलता बोलता सांगितलं म्हणून. तोवर लकव्याच्या माणसाच्या माकडहाडावर जखम झालेली असते, नाहीतर साखरेच्या गोळ्या संपल्या म्हणून बंद झालेल्या असतात.

परवा एका आजींना चक्कर येते म्हणून बोलावणं आलं. बीपी ९०/६०. सुनेला म्हटलं, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या आण. तिने डब्यातून, उशीखालून, कोनाड्यातून गोळा करून खाटेवर मांडल्या. त्यात आमच्या उपकेंद्रातून दिलेली अॅम्लोडिपिनची, म्हणजे बीपी कमी करायच्या गोळीची पट्टी होती आणि मोठ्या दवाखान्याने लिहून दिलेली एक चकचकीत पट्टी. तिच्या मागचं बारीक अक्षर वाचलं तर त्यातही अॅम्लोडिपिनच, सोबत बीपीचंच टेल्मिसार्टन. आजी दोन्ही घेत होत्या, कारण दोन्ही डॉक्टरांनीच दिलेल्या. जुनी बंद करा असं कार्डावर कुठेच नव्हतं. कार्ड सगळं इंग्रजीत, गोळ्यांपुढे १-०-१, खाली 'रिव्ह्यू आफ्टर १५ डेज'. सून सातवी शिकलेली आहे, मराठी छान वाचते.

आणि हे आपल्याला जमतच नाही असं नाही. बाळंतिणीचं बघा. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिला घरी सोडायला मोफत गाडी आहे. बाळाकडे आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते, काय बघायचं ते तिच्या फॉर्मवर छापलेलं असतं. एसएनसीयूमधून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षातून आलेल्या बाळाकडे त्यानंतरही तीन-तीन महिन्यांनी जायचं असतं. मग हेच लकव्याच्या, सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार), साप चावलेल्या, फवारणीत विषबाधा झालेल्या पेशंटला का नाही?

माझ्या डोक्यात आहे ते असं. सुट्टी द्यायच्या आधी वॉर्डातून गावच्या आशाला किंवा उपकेंद्राला एक फोन, कार्डासोबत मराठीत एक पान, आणि ७२ तासांच्या आत आमच्यापैकी कोणीतरी त्या घरी. कुठे अडेल ते स्पष्ट सांगा.

वॉर्डातली_सिस्टर

मी मेडिसिन वॉर्डात आहे, दवाखान्याचं नाव घेत नाही. ताई, तुमचं पटतं. पण वॉर्डात काय होतं तेही ऐका.

सकाळच्या राउंडमध्ये डॉक्टर सुट्टी सांगतात. मग इंटर्न कार्ड लिहायला बसतो, त्याच्यापुढे गठ्ठा असतो. महात्मा फुले योजनेतून मोफत उपचार घेणारा पेशंट असला तर योजनेच्या आरोग्यमित्राकडची कागदपत्रं, फोटो, सह्या. कार्ड हातात पडेपर्यंत दुपार झालेली असते. नातेवाइकाचा जीव शेवटच्या एसटीत अडकलेला, माझा जीव खाली गादीवर झोपवलेल्या पुढच्या पेशंटमध्ये. अशा वेळी मी गोळ्या समजावते, तो मान हलवतो, आणि त्यातलं काहीही घरापर्यंत पोचत नाही.

शिवाय ज्याला समजावते तो सांभाळणारा नसतोच. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन येतो जावई नाहीतर पुतण्या. घरी सगळं करणार सून किंवा बायको, आणि ती गावात. मला वाटतं सगळ्यात मोठी गळती इथेच आहे. इंग्रजी कार्ड हे त्याच्या नंतरचं.

फोनबद्दल सांगते. कोणतं गाव कोणत्या उपकेंद्रात येतं याची यादी आमच्याकडे नाही. फोन करायचा तर कोणाला? सुट्टीच्या दिवशी हे शोधत बसायला वेळ मिळणार नाही. म्हणून भरती करतानाच केस पेपरवर गाव, उपकेंद्र आणि आशाचा नंबर लिहून घ्यायला हवा. आशाचा नंबर बहुतेक घरात असतो, नसला तर शेजारणीकडे असतो. तेव्हा विचारलं तर दोन मिनिटांचं काम आहे.

आणि 'लामा' विसरू नका, म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना सही करून नेलेले पेशंट. सोयाबीनची सोंगणी लागली, कापूस फुटला की असे नातेवाईक वाढतात. पैसे संपलेले असतात, रान पडलेलं असतं, त्यांना दोष कसा द्यायचा? पण या पेशंटांना कार्ड धड मिळत नाही आणि गोळ्याही नाहीत. धोका सर्वात जास्त त्यांनाच, आणि तुमच्या ७२ तासांत पहिलं नाव त्यांचं पाहिजे.

कोरडवाहू

सिस्टर म्हन्तात ते खरं आहे, पन घरून का दिसते तेही सांगतो.

आमच्या बाबाले लकवा झाल्ता. जिल्ह्याच्या खासगी दवाखान्यात होते. सुट्टी देली तवा नाकात नळी, खाली लघवीची नळी. कार्डावर लिवलं 'आरटी फीड टू अवरली' आन 'फिजिओ'. नळीतून का टाकाचं, किती टाकाचं, टाकताना झोपवाचं का बसवाचं, कोनी नाही सांगतलं. पयल्याच दिवशी मायनं वरनाचं पानी टाकलं तं बाबाले असा ठसका लागला का आमी सारे घाबरलो. शेवटी गावातल्या एका पोरीनं दाखोलं. ते नर्सिंग शिकते, सुट्ट्यात घरी आल्ती. ते नसती तं का केलं असतं, मालूम नाही.

फिजिओ म्हनान तं तालुक्यालेही नाही. जिल्ह्याले न्याचं तं गाडी कराव लागते, संग दोन मानसं लागते, तेवढ्या दिवसाची मजुरी जाते. पेरनीच्या दिवसात कोन नेईन? लकव्याचा मानूस घरी आला का घरातला एक कामाचा मानूस कमी होते. हे कोनत्याच दवाखान्याच्या हिशोबात नाही.

माह्यं म्हननं एवढंच. सुट्टीच्या दोन दिवस आधी घरच्या बाईले वॉर्डात बलवा आन तिच्याच हातानं नळीतून एक डाव भरवू द्या. मंग कागद नसला तरी चालीन.

फिजिओ_अमरावती

भाऊ, तुमच्या शेवटच्या ओळीशी मी शंभर टक्के सहमत. एखाद्या घरी उपयोगी पडेल म्हणून वॉर्डात आम्ही जे दाखवायला हवं ते लिहिते.

नळीतून भरवताना पेशंटची पाठ उंच करून अर्धवट बसवायचं, आणि भरवल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. ठसका लागतो तो बहुतेकदा आडवं झोपवून भरवल्यामुळे. नाकापाशी नळीवर खूण असते, ती जागेवरून सरकली असेल तर काहीही टाकू नका, आधी दाखवा. भरवून झालं की थोडं पाणी सोडून नळी साफ करा, नाहीतर ती बंद पडते.

कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा आणि कमरेची हाडं रोज उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा, त्या बाजूवर झोपवणं तिथेच थांबवा. लुळ्या हाताला धरून कधीही उठवू नका, खांदा निखळतो. हा प्रकार मी फार बघते, आणि तो बहुतेक वेळा प्रेमाने मदत करायला आलेल्या नातेवाइकाच्या हातून होतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहील अशी टांगा, जमिनीला टेकू देऊ नका, नळी बदलायची तारीख पिशवीवरच पेनाने लिहा.

लकव्यानंतर हालचाल परत यायचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो. तेच तीन महिने आपल्याकडे गाडी कधी करायची या विचारात जातात. उपकेंद्रावर ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ल्याच्या सेवेवरून डॉक्टर दिसतात, तसा आठवड्यातून एक दिवस फिजिओ दिसायला काय हरकत आहे? घरच्या माणसाला बघून बघून व्यायाम करवता येतो. पळसफूल ताई, हा मुद्दा तुमच्याकडून वर जायला हवा.

धानपट्टा

मी गोंदिया जिल्ह्यात आशा आहे. सगळ्यांचं वाचलं जी. ७२ तासांत घरी जायचं म्हणजे आम्हीच जायचं, हे धरूनच सगळे बोलून राहिले.

मी नाही म्हणत नाही. माझ्या गावातला माणूस आहे, मी तशीही जाते. पण बाळाच्या सहा भेटींचे मिळून २५० रुपये आहेत, आणि लकव्याच्या आजोबांकडे कितीही वेळा गेलं तरी काही नाही. नवीन काम द्यायचं तर त्याचा मोबदला त्याच कागदावर लिहून या, आणि नवीन रजिस्टर देऊ नका. एवढं केलं तर हे काम उभं राहील. नाही केलं तर पहिले दोन महिने होईल आणि बंद पडेल, हे मी आत्ताच सांगते.

आता माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट. आमच्याकडे सिकलसेल घरोघरी आहे. एका मुलीला दुखण्याचा झटका आला, भरती झाली, झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरिया ही गोळी सुरू करून सुट्टी झाली. कार्ड आईच्या पिशवीत, घरी. मुलगी मात्र आठवडा व्हायच्या आत आश्रमशाळेच्या वसतिगृहात परत. तिथल्या अधीक्षकांना गोळी कशाची हे माहीत नाही, अधूनमधून रक्त तपासावं लागतं हे माहीत नाही. हिवाळ्यात पहाटे थंड पाण्यानं आंघोळ नको, पाणी भरपूर पाजा, ताप आला तर सकाळची वाट बघू नका, यातलं काहीच तिथे पोचलं नाही. आम्ही सगळे घर घर करतो, पण त्या मुलीचं वर्षातलं घर म्हणजे वसतिगृह. सुट्टी देताना विचारा जी, पोरगी राहते कुठे आणि रात्री तिच्याजवळ कोण असतं.

अजून एक, सिकलसेल आणि डायलिसिसच्या पेशंटला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. त्याला दाखला लागतो, आणि तो भरती असतानाच मिळाला तर बरं. घरी गेल्यावर दाखल्यासाठी परत तिकीट काढून यावं लागते.

वैनगंगा

गडचिरोलीत वैद्यकीय अधिकारी होतो, आता निवृत्त आहे.

पळसफूल यांनी बाळाच्या भेटींचं उदाहरण दिलं. त्याचं मूळ इथलंच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरीच घेतली, बाळांचे मृत्यू कमी झाले, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ मध्ये आशांमार्फत तो देशभर कार्यक्रम झाला. म्हणजे विदर्भातल्या खेड्यातून दिल्लीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. त्याच 'सर्च'च्या पुढच्या अभ्यासात, २०१५ साली, गडचिरोलीच्या ग्रामीण भागात मृत्यूचं सर्वात मोठं कारण लकवा निघालं. साधारण सात मृत्यूंमागे एक, आणि त्यातले बहुतेक घरी झालेले. या धाग्यात लकवा पुन्हा पुन्हा येतोय तो उगाच नाही.

पण ७२ तासांची भेट प्रत्येक पेशंटला द्यायची म्हटलं तर कोणालाच मिळणार नाही. हर्नियाचा धडधाकट तरुण आणि नळी लावलेला म्हातारा एका रांगेत कशाला? माझ्या मते भेट यांना द्या: अंथरुणाला खिळलेले, कोणतीही नळी असलेले, पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू झालेले, सिकलसेलचे, साप आणि विषबाधेचे, आणि सिस्टर म्हणाल्या ते 'लामा'चे. बाकीच्यांना फोन पुरे.

साप आणि विष यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या पेशंटना 'वाचला, आता घरी न्या' म्हणून सोडलं जातं. घोणस चावलेल्या माणसाची लघवी घरी गेल्यावरही बघावी लागते. कमी झाली, तोंडावर सूज आली तर किडनीची तपासणी तातडीने. सर्पविषाची लस दिल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ येऊ शकतं. घरचे समजतात विष परत चढलं. फवारणीच्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेट गटातली काही अशी आहेत की माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, आणि एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होते, श्वास अडतो. म्हणून लवकर घरी नेऊ नये. काहींत दोन-तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या आणि पंजे लुळे पडणं सुरू होतं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा गेलेल्यांची बातमी झाली. पण जीव वाचून घरी गेलेल्यांची पुढे विचारपूस करायला किती जण गेले, हा प्रश्न मला आजही छळतो.

आणि ज्याने विष स्वतःहून घेतलं होतं, त्याची गोष्ट वेगळी. घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे त्याच्यासाठी सर्वात नाजूक असतात. घरातली फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, हे सुट्टीच्या वेळी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे २०१५ पासून शेतकरी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प आहे, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं. नंबर कार्डावर लिहा.

याच पेशंटसाठी एक कडक सूचना. निरोप एका माणसाला, फोनवरच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कार्डाचा फोटो अजिबात नको. टीबी, एचआयव्ही, विष घेतलेला माणूस, यांची बातमी गावात फुटली तर तो आपल्याकडे पुन्हा येणारच नाही. पेशंटला आधी विचारा, आशाला कळवू का. त्याने नको म्हटलं तर उपकेंद्राला कळवायचं का ते विचारा.

सातपुडा

मेळघाटातल्या धारणीकडून लिहितोय. मराठी पान हवं म्हणता, पण आमच्या कोरकू आजीला मराठी पानही इंग्रजीइतकंच. वैनगंगा सरांच्या भागात गोंडी आणि माडियाचं तेच असणार.

आमच्याकडे एक गोष्ट उपयोगी पडली. कोरकू बोलणारी एखादी परिचर किंवा सफाई कर्मचारी ताई वॉर्डात असतेच. तिने गोळ्या आणि धोक्याच्या खुणा कोरकूत सांगायच्या आणि ते नातेवाइकाच्याच मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून द्यायचं. गावात रेंज नसली तरी ते ऐकता येतं. घरातली माणसं पुन्हा पुन्हा लावून ऐकतात, शेजारचेही ऐकतात. गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दिले की वेळ चुकत नाही.

भुमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला शत्रू समजू नका. पेशंट घरी आला की पहिल्यांदा त्याच्याकडे नेतात. ताप चढला, श्वास लागला तर दवाखान्यात धाड, एवढं त्याला आदराने सांगून ठेवलं तर तो धाडतो.

७२ तासांबद्दल मात्र शंका आहे. दिवाळीनंतर अर्धं गाव मजुरीला बाहेर जातं. सुट्टी झालेला माणूस पंधरा दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यात असतो. पावसाळ्यात गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर चढला की कोणाची भेट आणि कोणाचा फोन? तिथे गोळ्या १५ दिवसांच्या न देता दोन महिन्यांच्या द्यायला हव्यात.

वॉर्डातली_सिस्टर

सातपुडा दादा, रेकॉर्डिंगची कल्पना उद्यापासून करून बघते. आमच्याकडे गोंडी बोलणारी मावशी आहे.

गोळ्यांवरून आठवलं. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या १० दिवसांची औषधं आणि तपासणी धरलेली असते, घरी जायचं एसटीचं भाडंही. पुष्कळ नातेवाईक मागतच नाहीत, कारण त्यांना कोणी सांगत नाही. आरोग्यमित्राला विचारा, हक्काने विचारा. पण १० दिवसांनंतरच्या गोळ्या गावातच मिळायला हव्यात. म्हणून डॉक्टरांनी कार्डावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहावं. मग उपकेंद्रातली पट्टी आणि आमची पट्टी एकच आहे हे तरी ओळखता येईल.

पळसफूल

तुम्हा सगळ्यांमुळे माझा मूळ प्रस्ताव बराच बदलला. सरसकट भेट काढून टाकते, वैनगंगा सरांची यादी घेते. आशाचा नंबर भरतीच्याच वेळी. नळी असेल तर सांभाळणारी व्यक्ती वॉर्डात येऊन स्वतःच्या हाताने एकदा करून बघेल, त्याशिवाय सुट्टी नाही. धानपट्टा ताई, मोबदल्याचा मुद्दा मी पत्रात पहिल्या परिच्छेदात घेतला आहे, शेवटी ढकललेला नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक सभेत हे मांडते, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे पानाच्या छपाईचा खर्च मागते. समितीला एवढा खर्च जड नाही. पानावर असा मजकूर धरला आहे:

"तुम्हाला काय झालं होतं. आता चालू असलेल्या गोळ्या, कशासाठी, सकाळी की रात्री. आजपासून बंद केलेल्या जुन्या गोळ्या. हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात या. पुन्हा कधी आणि कुठे दाखवायचं. गावातल्या कोणाला फोन करायचा."

काही राहिलं असेल तर सांगा.

धानपट्टा

पेशंट सध्या राहतो कुठे, आणि सांभाळते कोण, हा रकाना सगळ्यात वर घ्या जी. त्याखाली सांभाळणारीचा मोबाइल नंबर. जावयाचा नको.

कोरडवाहू

अक्षर मोठं ठेवजा ताई. माय रात्री चिमनीपाशी वाचते, लाइन जाते आमच्याकडे.

वैनगंगा

"बंद केलेल्या गोळ्या" हा रकाना डॉक्टरने रिकामा सोडला तर सिस्टरने कार्ड पुढे देऊ नये, असं पत्रात स्पष्ट लिहा. एकही बंद केली नसेल तर तसं लिहायचं, पण रकाना कोरा नको.